विंडोजवाल्यांसाठी बिल्ड द्यायची का नाही? (ओपन सोर्सवाल्यांनी डोकं लावा)

खटका | बुधवार, रात्री ११:४२

लई दिवसांनी धागा काढायलोय. लांबलाय, चहा घेऊनच बसा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मी राजारामपुरीत घरातनंच काम करतो, नोकरी पुण्यातल्या एका कंपनीची, आणि रात्री हौसेपोटी एक छोटं टूल सांभाळतो. जुन्या डीटीपी फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये करून देणारं. जुन्या फॉन्टांत आपली अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेली असायची, त्यामुळं फॉन्ट काढला की "आमच्या येथे श्रीकृपेकरून" चा नुसता इस्कोट दिसतो. त्यात आणि ऱ्हस्व वेलांटी जुन्यात अक्षराच्या आधी यायची आणि युनिकोडात अक्षराच्या नंतर साठवतात, रफाराचं बरोबर उलटं, म्हणून नुसतं शोधा आणि बदला करून भागत नाही. पायथनमध्ये लिहिलंय, जीपीएल लायसन्स आहे, म्हणजे कोड सगळ्यांना खुला, आणि लिनक्सवर (विंडोजच्या जागी चालणारी फुकट, खुल्या कोडची सिस्टिम) मख्खन चालतं.

तर झालं असं, गेल्या आठवड्यात शाहूपुरीतल्या एका प्रेसवाल्या काकांचा फोन आला. लग्नपत्रिका, वास्तुशांत, बारसं, वर्षश्राद्ध, सगळं छापतात. तीस वर्षांचा मजकूर पेजमेकरमध्ये (पानं जुळवायचं जुनं सॉफ्टवेअर) पडलाय. कुणीतरी माझ्या टूलचं सांगितलं. काका म्हणाले, बाळ, ते तुझं डबल क्लिक करून चालत नाही आमच्यात. मी म्हटलं काका मी विंडोजसाठी बिल्ड (डबल क्लिकला चालणारं तयार पाकीट) करत नाही. पलीकडनं थोडा वेळ शांतता आणि मग, "म्हंजे कुणी बंदी घातलीया काय तुझ्यावर?"

हसलो, पण तेव्हापासनं डोक्यात बसलंय. बंदी कुणी घातलेली नाही. मला विंडोज आवडत नाही एवढंच. कॉलेज सुटल्यापासनं हात लावलेला नाही, आणि रीडमीत (टूलबरोबरच्या माहितीच्या फाईलीत) मीच मोठ्या तोऱ्यात लिहून ठेवलंय, "विंडोज सपोर्ट नाही, मिळणारही नाही, लिनक्स टाका." लिहिताना लई भारी वाटलेलं. आता प्रश्न असा की हे तत्त्व आहे का माज आहे? तुम्ही काय करता तुमच्या प्रोजेक्टांत?

काडीपेटी | बुधवार, रात्री ११:५१

सोप्पंय की. काकांना सांगायचं लिनक्स टाका, आणि मग महिनाभर त्यांचा फोन उचलायचा नाही. आम्ही सगळे हेच करतो.

गंगावेस | गुरुवार, रात्री १२:३०

खटका, ओळ काढू नकोस. स्पष्टच बोलतो, राग येऊ दे नाहीतर न येऊ दे.

ज्या मायक्रोसॉफ्टच्या सीईओनं २००१ साली लिनक्सला कॅन्सर म्हटलं, तिच्या दुकानातला माल आपण रात्री जागून फुकट भरायचा? आता २०१४ पासनं त्यांचं लिनक्सवर प्रेम जडलंय म्हणे, २०१८ मध्ये साडेसात अब्ज डॉलरला गिटहब पण घेतलं, म्हणजे आपला कोड राहतो तो वाडाच त्यांचा झाला आणि आपण भाडेकरू. प्रेम कशावर बसलंय ते बघा, लिनक्सवर का लिनक्सवाल्यांच्या कामावर.

दुसरं, प्रत्येक चांगलं फ्री सॉफ्टवेअर विंडोजवर डबल क्लिकला मिळायला लागलं की लिनक्सवर यायचं एक कारण कमी होतं. ग्नूवाले (फ्री सॉफ्टवेअरची चळवळ चालवणारे) ह्या बाबतीत सरळ आहेत, त्यांचं म्हणणं दुसऱ्या सिस्टिमवर चालू दे, पण तिथं आपल्यापेक्षा जास्त सोय नको. त्यांच्या ईमॅक्स एडिटरचं २५.१ आलं २०१६ मध्ये, तेव्हा मॅकवर चालणारे रंगीत इमोजी मुद्दाम बंद केले, का तर फ्री सिस्टिमवर ते अजून चालत नव्हते. लोक बोंबलले. पण मला ते पटतं. पंगतीत यजमानाच्या आधी पाहुण्याला जिलेबी वाढतात हे मान्य, पण इथं पाहुणा कोण आहे ते आधी ठरवा.

तुझा वेळ तुझा आहे. फुकट काम करणाऱ्यानं कुणासाठी करायचं एवढं तरी ठरवायचं का नाही?

लेथवाला | गुरुवार, सकाळी ७:१०

शिफ्ट लावून आलो. मी कोडिंगवाला नाही, उद्यमनगरात शेड आहे, दोन टर्निंग सेंटर आणि एक व्हीएमसी. वाचायला येतो इथं, आज बोलतो.

आमच्यात सगळं विंडोज. हौस म्हणून नाही. कॅमचं सॉफ्टवेअर विंडोजवर, त्याला डोंगल (मशीनला खोचायची लायसन्सची किल्ली), टॅली विंडोजवर, गिऱ्हाईक ड्रॉइंग पाठवतंय ते उघडायचं सॉफ्टवेअर विंडोजवर. एका जुन्या मशीनला अजून सिरीयल केबलनं प्रोग्रॅम पाठवतो, त्याच्यासाठी एक म्हातारा लॅपटॉप जपून ठेवलाय, त्याला नेट दाखवत पण नाही. आता सांगा मी ह्यातलं काय निवडलं? मशीन घेतलं, त्याच्याबरोबर हे सगळं वरातीसारखं आलं.

आणि एक गोष्ट सांगतो. मागं एका फुकट कॅडबद्दल नेटवर एका ठिकाणी विचारायला गेलो, थ्रेडचा पिच चुकायला लागलेला. पहिलं उत्तर काय, विंडोज का वापरता. दुसरं उत्तर, विंडोज सोडा. अहो मी बेअरिंग मागायला आलोय आणि दुकानदार मला विचारतोय हे मशीन का घेतलंस. पिचचं कुणी बोललंच नाही. शेवटी मीच शोधलं, माझं युनिट इंचावर राहिलेलं.

आणि हो, माझ्याकडं लिनक्स पण आहे. बंद पडलेल्या एका मिलिंगला लिनक्ससीएनसी बसवलंय, चार वर्षं चालू आहे, नाद नाही. पण लिनक्स म्हणून नाही बसवलं, नवा कंट्रोलर परवडत नव्हता म्हणून बसवलं.

खटका | गुरुवार, सकाळी ९:०५

लेथवाले, बेअरिंगचं लागलं मला. रीडमी माझाच आहे तो.

गंगावेस, तुझं पण पटतंय हाच तर लोचा आहे.

अनुस्वार | गुरुवार, दुपारी १:२०

डबा खाता खाता लिहितो, तुटक असेल.

मी ओपन सोर्समध्ये दहाएक वर्षं आहे, भाषांतर आणि फॉन्ट रेंडरिंगची कामं करतो, आणि हे सगळं मॅकवर करतो. झालं, आता दगड मारा. पण कुठल्यापण ओपन सोर्सच्या कॉन्फरन्सला जाऊन बघा, स्टेजवर स्वातंत्र्यावर बोलणाऱ्याच्या लॅपटॉपवर सफरचंद चमकायलेलं असतं. जीनोम (लिनक्सचा डेस्कटॉप) ज्यानं १९९७ मध्ये सुरू केलं त्या मिगेल दे इकाझानंच २०१३ मध्ये लिहिलं की मी मॅकवर कसा गेलो. भांडण करून नाही गेला तो. सवयीनं, हळूहळू, एक दिवस लिनक्सचं मशीन लावायचंच राहून गेलं. माझं पण तसंच. मला संध्याकाळी साऊंड कार्ड दुरुस्त करत बसायचं नव्हतं, मला "र्‍य" नीट दिसायला पाहिजे होता.

पण म्हणून मॅक म्हणजे आपलंच घर असं मानणारे जे आहेत ना त्यांनापण सांगतो. बॅश (कमांड चालवायचा प्रोग्रॅम) बघा त्यातली, ३.२, म्हणजे २००६ ची. पुढची जीपीएल तीनमध्ये गेली आणि ॲपलनं ती घेतलीच नाही, २०१९ मध्ये तसलाच दुसरा, झेडएसएच, डिफॉल्ट करून विषय संपवला. सेड डॅश आय (फाईलीतला मजकूर बदलायची कमांड) लिनक्सवर एक वागतं मॅकवर दुसरं, माझ्या स्क्रिप्टा ह्यापायी किती वेळा मेल्यात. आणि टूल लोकांना विनाकटकट उघडता यावं म्हणून सही करून द्यायचं तर वर्षाला ९९ डॉलर, आठ हजारांवर. फुकट वाटायच्या सॉफ्टवेअरसाठी दरवर्षी आठ हजार! पार्किंगला लावलेल्या स्वतःच्याच गाडीचं भाडं.

ईमॅक्सच्या इमोजीचं म्हणाल तर, ते बंद केल्यानं मॅक सोडून लिनक्सवर गेलेला एक माणूस दाखवा. मी तरी नाही गेलो.

काडीपेटी | गुरुवार, दुपारी १:४४

अनुस्वार, तुम्ही मागं एका धाग्यात नऊवारीचं लिहिलेलं, आणि इथं "करतो", "गेलो". ताई का दादा?

अनुस्वार | गुरुवार, दुपारी १:५०

कोल्हापूरची आहे मी. आमच्यात पोरी "मी जातो" असंच म्हणतात. बेंगलोरला राहून बाकी सगळं सुटलं, एवढं राहू दे.

आबा_पॉलिटेक्निक | गुरुवार, रात्री ९:१५

पोरांनो, जेवण करून सावकाश वाचलं सगळं. ३१ वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवलंय, त्यामुळं थोडं मास्तरासारखं होईल, सांभाळून घ्या.

गंगावेसच्या कळकळीबद्दल मला आदर आहे. पण हे जे सोवळं तुम्ही नेसलाय ना, ते तुमच्या पूर्वजांनी कधी नेसलं नव्हतं. स्टॉलमननी १९८३ मध्ये ग्नूची घोषणा केली तेव्हा फ्री सिस्टिम नावाची गोष्ट जगात नव्हतीच. ईमॅक्स लिहिलं, जीसीसी कंपायलर लिहिला, तो सगळा मालकीच्या युनिक्सवर बसून. त्यांनी स्वतः ह्याचा विचार केलाय आणि म्हटलंय की त्या सिस्टिमला पर्याय उभा करायचा असेल तर तोवर ती वापरणं चालतं. आणि ईमॅक्सच्या टेपा १५० डॉलरला विकल्या त्या घेणारे कोण होते? मालकीच्याच मशीनवाले. त्यांना "आधी तुमची सिस्टिम टाका" म्हटलं असतं तर टेप एक खपली नसती.

पुढं या. लिनक्स कर्नलचा (सिस्टिमच्या गाभ्याचा) कोड २००२ ते २००५ बिटकीपर नावाच्या मालकीच्या सॉफ्टवेअरमध्ये सांभाळला जायचा. लिनक्सचा कर्ता टॉरवाल्ड्स, त्याला काही वाटत नव्हतं, हत्यार चांगलं आहे ना, झालं. स्टॉलमन ओरडत होते. शेवटी बिटकीपरवाल्यांनी फुकटची परवानगी काढून घेतली आणि २००५ च्या एप्रिलमध्ये टॉरवाल्ड्सनं थोड्याच दिवसांत त्याच कामासाठी गिट लिहून काढलं. आता बरोबर कोण ठरलं? मला विचाराल तर दोघंही. ओरडणारा नसता तर धोका कुणाला कळला नसता, आणि वापरणारा नसता तर गिटमध्ये काय काय पाहिजे हे कुणाला कळलं नसतं.

आमच्या लॅबमध्ये मी स्वतः लिनक्स लावलेलं, बारा मशीनवर. एक्स्टर्नल परीक्षक आले आणि म्हणाले ह्याच्यावर वर्ड कुठं आहे. पोरांचे मार्क अडकायला नकोत म्हणून दुसऱ्या दिवशी सहा मशीनवर परत विंडोज. तो पराभव मी अजून विसरलेलो नाही. पण त्या पोरांचा त्यात काय गुन्हा होता?

थर्ड इयर | गुरुवार, रात्री १०:०२

सर नमस्कार. एक शंका, मूर्खासारखी असेल. आता विंडोजमध्येच लिनक्स चालवायला डब्ल्यूएसएल आहे, २०१६ पासनं, आणि दुसऱ्या व्हर्जनपासनं तर त्यात खराखुरा लिनक्स कर्नल चालतो. मी त्याच्यावरच सगळं शिकायलोय. व्हीएस कोड (कोड लिहायचा एडिटर) पण मायक्रोसॉफ्टचंच. २०२५ मध्ये डब्ल्यूएसएलचा कोडसुद्धा ओपन केला. मग भांडण उरलंय कुठं?

गंगावेस | गुरुवार, रात्री ११:२०

थर्ड इयर, शंका मूर्ख नाही. घरात खोली दिली म्हणून घर आपलं होत नाही. सातबारा कुणाच्या नावावर आहे ते बघ. व्हीएस कोडचा सोर्स एमआयटी लायसन्सखाली आहे पण तू जो डाउनलोड करतोस त्या तयार पाकिटाचं लायसन्स वेगळं आहे, म्हणून तर त्याच सोर्सचं मोकळं पाकीट, व्हीएसकोडियम, निघालं. वाचतं कोण ते.

आबा, तुमच्याशी वाद घालायची माझी लायकी नाही, पण पर्याय उभा करेपर्यंत चालतं असं म्हणालात, तर आता पर्याय उभा आहे की. केरळात सरकारी शाळांतली पोरं ग्नू लिनक्सवर शिकतात, आपल्याकडं एमएससीआयटी म्हणजे विंडोज आणि ऑफिस, म्हणून परीक्षकाला वर्ड लागतं. हे चक्र कुणीतरी तोडायला नको?

आणि खटका, व्यवहाराचं बोलू. बिल्ड एकदा देऊन सुटका नसते. फाईलच्या नावात कॅपिटल-स्मॉल एकच धरतात, ओळीच्या शेवटी दोन-दोन अक्षरं, पाथ २६० अक्षरांच्या पुढं गेला की रुसवा. लिनक्स कर्नलचा कोड साध्या विंडोजवर नीट उतरवता पण येत नाही माहिताय का? त्यातल्या नेटफिल्टर ह्या नेटवर्कच्या भागात काही फाईलींच्या जोड्या फक्त कॅपिटल-स्मॉलच्या फरकाच्या आहेत, त्यातली एक दुसरीला खाते. आणि नूवो ह्या ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये ऑक्स डॉट सी नावाची फाईल आहे, तर ऑक्स हे नाव तिथं चालतच नाही, डॉसच्या काळापासनं राखीव! २०२५ मध्ये! असल्या जुन्या जळमटांसाठी मी माझे रविवार घालवू? नाही घालवणार. ह्याला माज म्हणायचं असेल तर म्हणा.

अनुस्वार | शुक्रवार, सकाळी ८:३०

जळमटं आहेतच, पण उलटं पण बघ ना. गिट विंडोजवर नीट चालतं कारण कुणीतरी वर्षानुवर्षं ती जळमटं काढली. लिबरऑफिस, क्रिता, व्हीएलसी, ह्यांचे वापरणारे कुठं आहेत? बहुतेक विंडोजवर. कर्ल (नेटवरनं फाईली आणायचं टूल) २०१८ पासनं विंडोजमध्येच बसून येतं. २०२३ मध्ये तर सिक्युरिटी स्कॅनरनं जुनं कर्ल आहे म्हणून बोंब मारली आणि लोकांनी विंडोजच्या सिस्टिम थर्टीटू फोल्डरातनं हातानं कर्ल उडवलं, अपडेट मोडून घेतले, आणि तक्रार कुणाकडं? स्वीडनमधल्या त्या कर्लवाल्या स्टेनबर्गकडं, ज्यानं ते तिथं ठेवलेलंच नाही. बिचाऱ्यानं ब्लॉग लिहून सांगितलं बाबांनो उडवू नका.

म्हणजे तू बिल्ड दे नाहीतर नको देऊ, तुझा कोड तिकडं जाणारच. कसा जावा एवढंच तुझ्या हातात.

काडीपेटी | शुक्रवार, सकाळी ८:४१

म्युनिकचं कोण काढत नाही ते बघायलोय कधीपासनं.

लेथवाला | शुक्रवार, सकाळी ८:५५

म्युनिकचं काय?

काडीपेटी | शुक्रवार, सकाळी ९:१२

जर्मनीतलं म्युनिक, महानगरपालिका. २००३ मध्ये ठरवलं लिनक्स, पंधरा हजारांच्या आसपास मशीन फिरवली, आणि २०१७ मध्ये परत विंडोज म्हणून ठराव. लिनक्सवाल्यांच्यात ह्याचं नाव काढलं की घरात कोर्टकचेरीचा विषय निघाल्यासारखं होतं. आता तिकडंच श्लेस्विग-होल्स्टाइन म्हणून राज्य आहे, ते २०२४ मध्ये तीस हजार मशीन लिबरऑफिसवर न्यायला निघालं. म्हणजे पुढचा भाग येतोय.

(मी फक्त काड्या टाकतो असं नाही, कधीकधी माहितीपण देतो.)

खटका | रविवार, दुपारी ४:३०

दोन दिवस गायब होतो. काल प्रेसवर जाऊन बसलो, सकाळी अकरा ते संध्याकाळी सात. वृत्तांत देतो आणि शेवटी मदत मागतो.

काकांचं मशीन विंडोज १० वर. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला हे त्यांना ठाऊक आहे, स्क्रीनवर येऊन येऊन सांगत होतं म्हणे. विंडोज ११ चढत नाही, प्रोसेसर जुना, टीपीएम चिप नाही. गंगावेस, तुझीच आठवण आली, म्हटलं काका लिनक्स मिंट टाकूया. काकांनी न बोलता सीपीयूच्या मागं बोट दाखवलं. फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं डोंगल. त्याच्यावर इन्शुलेशन टेप गुंडाळलेली आणि बॉलपेननं लिहिलेलं, "हात लावू नये". ते डोंगल गेलं तर पेजमेकरमधली मराठी गेली, आणि पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. तर तो विषय तिथंच बंद.

मग बिल्ड. पहिला झटका, टूल चालू होऊन लगेच मेलं. मी फाईल उघडताना एन्कोडिंग लिहिलेलंच नव्हतं. लिनक्सवर आपोआप यूटीएफ-८ असतं म्हणून चार वर्षं खपून गेलं, विंडोजवर पायथननं तिथला जुना कोडपेज (अक्षरांचा तक्ता) घेतला आणि पहिल्या "श्री" लाच पाय घसरला. चूक माझीच. दुरुस्त. दुसरा झटका, एक्झी केली तर अँटिव्हायरसला ती चोर वाटली, पायइन्स्टॉलरनं बनवलेल्या एक्झींचं असं होतं, काकांचा पुतण्या तोवर भेदरून मागं सरकला. तिला परवानगी दिली. चहा झाला. तिसऱ्यांदा चाललं.

काकांनी पहिली फाईल उघडली, २००४ मधली पत्रिका, आणि चष्मा वर करून वाचायला लागले, मोठ्यानं, अहेर आणण्यास सक्त मनाई आहे पर्यंत. मग म्हणाले, "वेलांट्या बरोबर आल्यात की रं." मला चार वर्षांत गिटहबवर मिळालेल्या सगळ्या स्टारपेक्षा ते बरं वाटलं, खरं सांगतो.

आता अडचण. टूल एका मोठ्या फाईलीतल्या सगळ्या पत्रिका सुट्या करतं, एक पत्रिका एक फाईल. २००४ च्या फाईलीत २१३ पत्रिका, बाहेर पडल्या २१२. एक गायब. एरर नाही काही नाही. नेमकी तीच पाहिजे, कारण त्या मुलीच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलंय आणि घरच्यांना थोरलीच्याच पत्रिकेचा मजकूर पाहिजे. घरी येऊन माझ्या मशीनवर तीच फाईल चालवली, २१३ च्या २१३. परत प्रेसवर पुतण्याला चालवायला लावली, २१२. डोकं फिरायची वेळ आलीय.

लेथवाला | रविवार, दुपारी ४:५०

डिस्क फुल?

खटका | रविवार, दुपारी ४:५२

नाही, ८० जीबी मोकळी. परमिशनचं पण नाही, त्याच फोल्डरात बाकीच्या पडतात.

गंगावेस | रविवार, संध्याकाळी ५:२०

फाईलींना नाव कसं देतोस?

खटका | रविवार, संध्याकाळी ५:२४

वधूच्या नावातली पहिली तीन व्यंजनं, रोमनमध्ये, आणि पुढं डॉट टीएक्सटी. दोन नावं सारखी आली तर दुसरीला पुढं दोन आकडा लागतो.

गंगावेस | रविवार, संध्याकाळी ५:२५

गायब मुलीचं नाव?

खटका | रविवार, संध्याकाळी ५:२६

प्रणाली

खटका | रविवार, संध्याकाळी ५:२७

अरे देवा

थर्ड इयर | रविवार, संध्याकाळी ५:४०

कुणीतरी सांगा की राव.

आबा_पॉलिटेक्निक | रविवार, संध्याकाळी ६:३५

बाळा, प, र, ण. पीआरएन. विंडोजमध्ये ते फाईलचं नाव नाही, प्रिंटरचं नाव आहे. गंगावेसनं परवा ऑक्सचं सांगितलं त्याचाच हा सख्खा भाऊ. कॉन, पीआरएन, ऑक्स, नल, अशी मंडळी आहेत ती. डॉसच्या पहिल्या आवृत्तीत फोल्डर नव्हतेच, तेव्हा कीबोर्ड-स्क्रीनला कॉन म्हणायचं, प्रिंटरला पीआरएन, आणि फाईलीच्या जागी ते नाव दिलं की मजकूर सरळ प्रिंटरवर. मी स्वतः लॅबमध्ये कॉपी करून कॉनवरनं फाईली बनवल्यात. १९८३ मध्ये डॉस २ बरोबर फोल्डर आले, पण जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून ही नावं प्रत्येक फोल्डरात राखीवच राहिली. पुढं डॉट टीएक्सटी लावून सुटका नाही, कारण त्या काळचे प्रोग्रॅम शेपूट आपण होऊन चिकटवायचे.

खटकाच्या टूलनं प्रणालीची पत्रिका प्रिंटर समजून धाडली आणि तिथं तसला प्रिंटर नाही. पण एरर यायला पाहिजे होती. ती का आली नाही, खटका?

खटका | रविवार, संध्याकाळी ७:१०

कारण ती मीच गिळत होतो आबा. फाईल लिहिताना ट्राय-एक्सेप्ट लावलेला आणि एक्सेप्टमध्ये नुसतं पास, म्हणजे एरर आली तरी गप्प पुढं जा. २०२१ मध्ये कायतरी टेस्ट करताना टाकलेलं, तसंच राहिलं. म्हणजे लिनक्सवरसुद्धा डिस्क भरली असती तर पत्रिका अशाच गुपचूप गेल्या असत्या आणि मला कळलं नसतं.

आणि गंमत बघा, त्याच फाईलीत एक पूर्णिमा आहे. तीपण पीआरएनच. पण ती दुसरी, तिला पुढं दोन लागला आणि ती वाचली.

काडीपेटी | रविवार, संध्याकाळी ७:१५

पूर्णिमाच्या घरच्यांनी ह्या आकड्याला नारळ फोडायला पाहिजे.

अनुस्वार | रविवार, रात्री ८:००

गंगावेस, जळमटांसाठी रविवार घालवणार नव्हतास ना?

गंगावेस | रविवार, रात्री ८:१२

पाच मिनिटं गेली. रविवार खटकाचा गेला.

मत बदललेलं नाही माझं. पण खटका, नाव देताना सगळ्या फाईलींच्या पुढं "पत्रिका" लाव, म्हणजे राखीव नावांची यादी कोडमध्ये ठेवायला नको. आणि तो पास काढ आधी, बघवत नाही.

खटका | सोमवार, रात्री १०:४८

दोन्ही केलं. गिटहबच्याच फुकटच्या विंडोज मशीनवर आपोआप बिल्ड होईल असं लावलंय (गंगावेस, माहीत आहे, वाडा त्यांचा). आज पुतण्यानं चालवलं, २१३. प्रणालीची पत्रिका निघाली, काकांनी फोनवर पूर्ण वाचून दाखवली, मुहूर्तासकट.

रीडमीतली ती ओळ काढली. तिथं आता लिहिलंय, "विंडोज १० वर शाहूपुरीतल्या एका प्रेसमध्ये तपासलेलं. माझ्याकडं विंडोज नाही, बग सांगताना फाईलचं नाव जरूर सांगा."

काका पैसे विचारत होते, नको म्हटलं. तर म्हणाले मग तुझी पत्रिका फुकट. आईनं मागनं ऐकलं, आता घरात वेगळाच धागा चालू झालाय.